उपवासाला न चाललेली पावडर

ही एक घटना अशी आहे की ती आठवली की मला आधी हसू येतं. खाकीतल्या माणसाच्या आठवणी म्हटल्या की लोकांना खून, दरोडे, पाठलाग असलं काहीतरी हवं असतं. तेही माझ्या वाट्याला आलं, नाही असं नाही. पण निवृत्तीनंतर घरी बसलेलो असताना कोणी म्हणालं, "साहेब, एखादी केस सांगा की," तर माझ्या तोंडी पहिली येते ती ही डब्यांची केस. यात कोणाचं रक्त सांडलं नाही. एका मुलीचं सगळं आयुष्य मात्र टांगणीला लागलं होतं. नावं कोणाचीच सांगणार नाही, कारण ती माणसं अजून तिथंच राहतात आणि आता एकमेकांशी बरी बोलतात.

मी तेव्हा लोहाऱ्याच्या बाजूला एका लहान ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली, टपाल पाहिलं, की दुपारपर्यंत फारशी वर्दळ नसायची. बांधावरची भांडणं, मोटारसायकलची चोरी, जत्रेतली हाणामारी, असलीच कामं जास्त. माझा रायटर, म्हणजे ठाण्याचं लिखाण सांभाळणारा हवालदार, मोठा हौशी माणूस होता. पन्नाशीला टेकल्यावर त्याला अंग कमवायची लहर आली होती. ड्युटी संपली की गावातल्या जिममध्ये जायचा, तिथूनच प्रोटीन पावडरचा मोठा काळा डबा आणायचा आणि ती पावडर दुधात कालवून प्यायचा. सोबत जिलेबी असली तर तिलाही नाही म्हणायचा नाही. पोट काही हटत नव्हतं. मी चेष्टा केली की म्हणायचा, "साहेब, वरून दिसत न्हाय, आतून मजबुती येती."

पितृपंधरवड्यातली गोष्ट. सास्तूरकडून येणाऱ्या जीपमधून एक मुलगी आणि तिची आई उतरल्या आणि थेट ठाण्यात आल्या. मुलगी पोलीस भरतीची तयारी करणारी होती. असली पोरं-पोरी लांबून ओळखू येतात. पायात बूट असतात, आणि ठाण्यात शिरताना इतर लोक बिचकतात तशी ती बिचकत नाहीत, भिंतीवरचे फलक वाचत उभी राहतात. ही मात्र खाली मान घालून उभी होती.

"बस, पोरी. काय झालं?"

"तक्रार द्यायची हाय, साहेब. पण कुणावर द्यायची तेच कळंना."

मग तिनं सांगितलं. दोन भरत्यांमध्ये ती अगदी थोडक्यात हुकली होती. येणारी भरती तिची शेवटची. त्यानंतर वय बसत नव्हतं. म्हणून यंदा तिनं आमच्या गावातली, रायटर जायचा तीच जिम लावली. जिमचा मालक शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेला माणूस होता, सगळी पोरं त्याला सर म्हणायची. सरांनी सांगितलं, भाकरी कमी कर, वरण-उसळ कमी कर, त्यानं अंग जड होतं. त्याऐवजी तीन वेळा ही पावडर घे. मुलीनं मन लावून तसं केलं. महिन्यामागून महिने गेले, वजन वाढलं, पण आठशे मीटर पळताना मधेच दम संपू लागला. गोळा फेकला तर तो पूर्वीइतकाही लांब जाईना.

"सर म्हणतात वजन वाढू दे, ते मसल हाय. पण मला तर पाय उचलंना झालाय."

आई पुढं सरकली. ती म्हणाली, "दोन शेळ्या इकल्या म्या या डब्यापायी. म्हनलं लेक वर्दी घालंल. आता टेकाड चढली तरी धापती."

रायटर अर्ज लिहून घ्यायला बसला आणि तिथं एक गंमत झाली.

"डब्यात काय असल्याचं तुला सांगितलं?" त्यानं विचारलं.

"व्हे."

"व्हय काय? काय असल्याचं सांगितलं ते सांग."

"तेच सांगते. व्हे."

"आगं व्हय, पण काय?"

आमच्या भागात होयला व्हय म्हणतात, त्यामुळे हे दोघं संध्याकाळपर्यंत तसेच बसले असते. शेवटी मी मधे पडलो. दूध फाडून पनीर किंवा चीज काढलं की जे पाणी उरतं, त्याला इंग्रजीत व्हे म्हणतात, त्याच्यातलं प्रोटीन वाळवून ही पावडर करतात, एवढं मला माझ्या मुलाकडून माहीत झालं होतं. रायटर लेखणी धरून माझ्याकडं बघत राहिला. रोज पितो ते काय आहे हे त्याला त्या दिवशी कळलं.

"म्हंजे दुधाचंच? मग तर लई चांगलं की," तो म्हणाला.

जाताना ती मुलगी दारापाशी थांबली. "साहेब, मला कुणाला आत टाकायचं न्हाय. तुमी फक्त एवढं शोधा, की पावडर खरी हाय का खोटी. खोटी आसंल तर मी सोडते आन् परत पळायला लागते. पण खरी आसंल तर मग मीच संपले. वयामुळं अंग साथ देईना, असंच समजायचं." हे ती रडून बोलली असती तर मला इतकं लागलं नसतं. ती शांतपणे बोलली, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय.

"आजच सोड की ती पावडर," मी म्हणालो. पण ती माझ्या शब्दावर सोडायला तयार नव्हती. सरांनी तिच्या मनात भरवलं होतं की मधेच सोडलं तर कमावलेलं सगळं उतरून जाईल. शेवटच्या संधीला माणूस असा धोका पत्करत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर बाईंना भेटलो. आदल्या दिवशीच मी मुलीला त्यांच्याकडं पाठवलं होतं आणि त्यांनी तिला तपासलं होतं. रक्त ठीक होतं, आजार काही नव्हता. बाई म्हणाल्या, "वजन म्हणजे नुसता एक आकडा आहे हो. त्यात स्नायू किती, चरबी किती, पाणी किती, हे काटा सांगत नाही. हिचं वाढलंय ते सगळं पोटावर. खरं व्हे प्रोटीन घेऊन आणि एवढा व्यायाम करून असं सहसा होत नाही. पण डब्यात काय आहे ते तपासल्याशिवाय मी लिहून देणार नाही." खरी पावडर काही विष नाही, असंही त्यांनी सांगितलं. ते एक प्रकारचं अन्नच आहे, व्यायाम करणाऱ्याच्या जेवणात कमी पडत असेल तर उपयोगी पडतं, पण जेवण सोडून नुसतं ते घ्यायचं नसतं.

आम्ही अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवलं. त्यांनी जिममधून रीतसर नमुने घेतले, एक डबा सील झाला. पण प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागतो. तोपर्यंत जिममधली पोरं तेच पीत होती आणि भरतीचे दिवस जवळ येत होते.

अशात खबर मिळाली. आमच्या ओळखीचा एक भंगारवाला होता. तो खबऱ्या म्हणावा असा नव्हता, पण चहाला आला की काहीतरी सांगून जायचा. त्या दिवशी म्हणाला, "साहेब, भंगारात आजकाल प्रोटीनच्या रिकाम्या डब्याला लई मान आलाय. पर टोपण पायजे, आन् वरचा कागद फाटलेला नको. त्यो जिमवाला समदे उचलतो." चाळीस प्रकारचं भंगार हाताळणाऱ्या माणसाला हे विचित्र वाटलं होतं, आणि मलाही वाटलं.

मी जिमवर गेलो. मालक चाळिशीचा, रुंद छातीचा, बोलायला मऊ. रिकामे डबे कशाला घेता, असं विचारल्यावर त्यानं मला हसत गच्चीवर नेलं. तिथं ओळीनं डबे मांडलेले आणि त्यात कोरफड, तुळस, पुदिना. "झाडांची आवड हाय, साहेब. एक पुदिन्याचा डबा देऊ का वहिनीसाठी?" मी पुदिना न घेताच खाली उतरलो. डब्यात झाड लावणं हा गुन्हा नाही.

नवरात्र बसलं. आमच्या जिल्ह्यात त्या नऊ दिवसांत सगळ्यांचंच वागणं बदलतं. दर घराला घट, पोरं तुळजापूरहून ज्योत घेऊन पळत येतात, चपला घरी राहतात. ठाण्यातले अर्धे लोक बंदोबस्ताला आणि उरलेले अर्धे उपवासाला. रायटरचे नऊही दिवसांचे कडक उपवास होते. तो भगर आणि शाबूसुद्धा एकदाच खायचा, बाकी दूध, आणि अहवाल येईपर्यंत खोटी कशाला म्हणायची म्हणून त्यात ती पावडरही.

पाचव्या माळेला मी जिमच्या मालकाला चौकशीसाठी बोलावलं. तो अनवाणी आला. त्याचेही नऊ दिवसांचे उपवास होते. चेहरा उतरलेला होता, पण बोलण्यात ढिलाई नव्हती. माल पुण्याच्या डीलरकडून सीलबंद येतो, मी फक्त विकतो, खोटा असेल तर माझीच फसवणूक झाली म्हणायची. डीलरचा नंबर दिला, तो बंद लागत होता. बिलं मागितली तर म्हणाला, शोधून देतो. मी तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले, त्यानं तीच उत्तरं न चुकता दिली. चौकशीत काही माणसं घाबरून खोटं बोलतात, ती लवकर सापडतात. हा घाबरलेला नव्हता. आपण काही फार वाईट केलेलं नाही अशी त्यानं स्वतःची समजूत घातलेली होती, आणि असल्या माणसाला पकडणं सगळ्यात अवघड असतं.

दुपार टळली. मी दमून खुर्चीत मागं टेकलो. शेजारच्या टेबलावर रायटरची दुधाची वेळ झाली होती. त्यानं कपाटातून त्याच जिममधून आणलेला आपला डबा काढला, पेल्यात दूध ओतलं, त्यात चमचाभर पावडर टाकली आणि ढवळायला लागला. जिमचा मालक ते बघत होता. रायटरनं पेला कपाळाला लावून देवीचं नाव घेतलं आणि ओठांशी नेला.

"हवालदार, थांबा," मालक म्हणाला.

रायटर थांबला.

"नका पिऊ. तुमचा उपवास हाय न्हवं?"

"हाय की. दुधाचंच तर असतं हे. साहेबांनी सांगितलंय मला."

"नका पिऊ म्हणतोय ना. मोडंल उपवास."

मालकाच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, रायटरच्या हातातल्या पेल्याकडंच पाहत राहिला.

"का मोडेल?" मी हळूच विचारलं. "दूध उपवासाला चालतं. दुधाची पावडर चालते. मग हे का नाही चालणार?"

त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "पीठ हाय त्यात, साहेब. मक्याचं आन् सोयाबीनचं. बाकी पिठीसाखर आन् वास."

रायटरनं पेला टेबलावर ठेवला. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "म्हंजे पहिल्या माळेपासून माझा उपवास रोज मोडतोय?"

"नकळत झालं ते," मालक त्याला समजावू लागला. "नकळत झालेलं देवीला चालतं. दोष माझ्याकडं हाय."

आरोपी हवालदाराचं सांत्वन करतोय आणि हवालदार डोळे पुसतोय, असं दृश्य मी सगळ्या नोकरीत ते एकदाच पाहिलं. ज्या माणसानं पोरापोरींना पीठ पाजताना मागंपुढं पाहिलं नाही, त्याला दुसऱ्याचा उपवास डोळ्यांदेखत मोडू देणं जमलं नाही. गप्प बसला असता तर त्या दिवशी तो घरी गेला असता.

सामान्य वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण आरोपी स्वतः सांगून जी जागा दाखवतो आणि तिथं जे सापडतं, ते चालतं. त्यामुळे मुलीची फिर्याद घेऊन गुन्हा नोंदवला, दोन पंच बोलावले, आणि मालकाचं निवेदन त्यांच्यासमोर लिहून घेतलं. त्यानं आम्हाला गावाबाहेर मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीमागच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. आत पिठाची पोती, साखर, व्हॅनिलाच्या बाटल्या, टोपणं सील करायचं छोटं यंत्र, आणि भिंतीला लागून धुऊन पुसून चकचकीत केलेले डबे. पंचनामा करताना आम्ही सगळे पिठानं पांढरे झालो. रायटरनं बाहेर येऊन आधी चूळ भरली.

सुरुवातीला त्यानं खराच माल विकला होता. तो महाग पडायचा, गावाकडची पोरं घ्यायची नाहीत, म्हणून आधी थोडं पीठ मिसळलं, मग जास्त, मग नुसतंच पीठ राहिलं. "व्यायाम तर मी खरा शिकवत हुतो, साहेब," तो म्हणाला. ते खरं होतं, आणि त्याच एका खऱ्या गोष्टीवर तो रात्री झोपत असावा.

मुलीला मी ठाण्यात बोलावून सांगितलं. पावडर खोटी आहे, पीठ आणि साखर आहे. जेवणातलं वरण-उसळ सोडून तू इतके महिने पीठ-साखर पीत होतीस आणि त्यावर पळत होतीस.

तिचे डोळे भरून आले, आणि ती हसत म्हणाली, "म्हंजे माझ्यात कमी न्हवती."

"नव्हती," मी म्हणालो. मला फार बरं वाटलं. गुन्हा उघडकीला आला म्हणून वरिष्ठांनी पाठ थोपटली तेव्हासुद्धा इतकं बरं वाटलं नव्हतं.

डॉक्टर बाईंनी तिला काय खायचं ते सांगितलं. ज्वारीची भाकरी, मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ, अंडी, दही, शेंगदाणे. आईला ते ऐकून रागच आला. "हे तर घरात व्हतंच की!" पुढं अहवालही आला आणि आम्ही दोषारोपपत्र दाखल केलं. मालकानं न्यायालयात वकिलाचा फारसा खटाटोप न करता गुन्हा कबूल केला, त्यामुळे खटला लवकर संपला, आणि दिलेली थोड्या दिवसांची शिक्षा त्यानं भोगली. मधल्या काळात तो एकदा माझ्याकडं आला होता, त्या मुलीच्या घरी जाऊन माफी मागू का म्हणून. मी सांगितलं, खटला संपेपर्यंत फिर्यादीच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. तो थांबला. खटला संपल्यावर मात्र गेला, आणि जाताना दोन काळ्याभोर शेळ्या घेऊन गेला. आईच्या दारातल्या खुंट्याला बांधल्या आणि बाहेरच उभा राहिला.

हे मला आईनंच नंतर सांगितलं. ती त्याला चार शब्द चांगलेच बोलली. मुलगी मात्र विचार करून म्हणाली, "सर, पळायला तुमी घ्या. ते तुमच्याइतकं इथं कुणाला येत न्हाय. खायचं मात्र आमची आई बघंल."

भरतीचं ग्राउंड पुढं पुढं सरकत उन्हाळ्याच्या तोंडावर आलं होतं, ते तिच्या पथ्यावर पडलं. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर ती पळायची आणि तो सायकलवरून मागं असायचा. रायटरही दोन-चार दिवस त्यांच्यासोबत पळाला आणि मग त्याला कामं आठवू लागली. ग्राउंडच्या दिवशी मी ठाण्यातच होतो. टपाल समोर होतं, पण वाचून डोक्यात जात नव्हतं. दुपारी फोन आला.

"साहेब, पळाले," एवढंच ती म्हणाली. मी फोन धरून नुसता हसत बसलो.

लेखी परीक्षा झाली, यादी लागली, तिचं नाव होतं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं मी बऱ्याचदा स्वतःला विचारलं आहे. खोटं बोलणारा माणूस सगळीकडं खोटं बोलत नाही. गिऱ्हाइकाशी बोलतो, बायकोशी बोलतो, पोलिसाशी तर बोलतोच, पण कुठंतरी एक जागा असते जिथं त्याची जीभ वळत नाही. कुणाची ती जागा आई असते, कुणाचं जनावर, या माणसाची देवी होती. ती जागा सापडेपर्यंत अधिकाऱ्यानं धीर धरावा. मारून, दरडावून ती सापडत नाही. मला तर ती रायटरच्या दुधाच्या पेल्यामुळं आयती सापडली, याचं श्रेय मी आजवर त्यालाच देत आलो. दुसरं असं, की जिथं माणसाला लाज उरलेली असते, तिथून तो परत येऊ शकतो. परत यायला त्याला थोडी वाट ठेवावी.

माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते तेव्हा ती आली. प्रशिक्षण संपवून, कामावर हजर व्हायच्या आधी, नव्या वर्दीत. सोबत आई. मुलीनं दारात उभं राहून कडक सॅल्यूट ठोकला. शिपायाचा सॅल्यूट बसल्या जागेवरून मान हलवून घेतला तरी चालतो, पण मी उठून उभा राहिलो आणि तितकाच कडक परत केला. रायटरही उठला. ती ताठ उभी होती, वाढलेलं पोट उतरलेलं, खांदे भरलेले, मान मोकळी, आणि भिंतीवरचे फलक तिनं पुन्हा एकदा वाचून काढले.

आईला मात्र कौतुकाआधी गाऱ्हाणं सांगायचं होतं. तिनं लेकीच्या शर्टाची शिवण चिमटीत धरून मला दाखवली. "बघा की साहेब, माप देऊन शिवलेला नवा शर्ट, आन् आताच खांद्यात दाटायला लागलाय. टेलरनं फसवलं बघा. तुमीच सांगा त्याला काहीतरी."

मी म्हणालो, "मावशी, ही तक्रार मी नोंदवून घेणार नाही."